लढाई संपते, लढाईचे नियम उरतात

(सर्जापूर रोड, बंगळूर येथे कामगारांपुढे केलेले भाषण)



आपण जमलो आहोत त्या सर्जापूर रोडच्या उत्तरेला काही मैलांवर विमानांचा कारखाना आहे. लढाईच्या काळात सरकार शस्त्रनिर्मितीचा कारभार कसा हाकते, हे त्याच्या इतिहासात दिसते.

डिसेंबर १९४० मध्ये सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी म्हैसूर संस्थानाच्या साह्याने हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनी काढली. १९४१ मध्ये हिंदुस्थान सरकार एक-तृतीयांश भागीदार झाले. त्याच वर्षअखेरीस जपान युद्धात उतरला. फेब्रुवारी १९४२ मध्ये सिंगापूर पडले. सरकारने वालचंदांचे भाग विकत घेऊन कारभार हाती घेतला. १९४३ मध्ये कारखाना अमेरिकन हवाई दलाकडे सोपवला गेला. नवी विमाने बांधणे मागे पडले आणि आघाडीवरील विमानांची दुरुस्ती हेच मुख्य काम झाले.

तीन वर्षांत कारभारी दोनदा बदलले. प्रत्येकाला गरज लागली ती लेथवरच्या आणि रिव्हेट मारणाऱ्या हातांची. युद्धानंतर याच कारखान्यात रेल्वेचे पोलादी डबे बनू लागले. पुढे तो विभाग भारत अर्थ मूव्हर्सकडे गेला. शस्त्रांचा कारखाना लोकोपयोगी कामाकडे वळवता येतो, याचा हा पुरावा आहे.

कारखाना वळला, पण कामगारांवरचे निर्बंध तसे वळले नाहीत. १९४१ च्या अत्यावश्यक सेवा वटहुकुमाने सबळ कारणाशिवाय काम सोडणे गुन्हा ठरवले. जानेवारी १९४२ मध्ये भारत संरक्षण नियमांत ८१-अ हा नियम आला. तंटा लवादाकडे पाठवून संप रोखण्याचा अधिकार सरकारला मिळाला. युद्ध संपले, तरी ती तरतूद १९४७ च्या औद्योगिक तंटे कायद्यात शिरली. १९६० मध्ये रेल्वे-टपालासह केंद्रीय कर्मचाऱ्यांच्या संपावर पुन्हा अत्यावश्यक सेवांचाच वटहुकूम आला. १९७४ च्या रेल्वे संपावर भारत संरक्षण नियम लावले गेले. १९७१ ची लढाई तेव्हा केव्हाच थांबली होती. २०२१ मध्ये आयुध निर्माणी मंडळ मोडून सात कंपन्या केल्या, तेव्हा खडकी, वरणगाव, भंडारा येथील कामगारांवर संपबंदी आली. ती आली सरकारच्या फेररचनेसाठी. लढाई कोठे होती?

त्या २०२१ च्या कायद्याला एक वर्षाची मुदत होती. म्हणजे मुदत घालता येते!

देशावर संकट आले तर कामगार मागे राहणार नाही. आपले म्हणणे एवढेच: संकटासाठी घातलेल्या प्रत्येक निर्बंधाला मुदत लिहा, आणि ती वाढवण्याआधी युनियनशी बोला. रेल्वे, टपाल आणि आयुध निर्माणी यांच्यावर एकाच जातीचे कायदे चालवले गेले. तेव्हा आपली मागणीही एकमुखी हवी.