भाड्याची पावती

बिऱ्हाडकरूने भाडे रोख मोजावे आणि पावती मागावयास मात्र संकोचावे, हा प्रकार, श्रोतेहो, शहरांतून नित्याचाच आहे. वस्तुतः महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ याच्या २६ व्या कलमान्वये भाडे स्वीकारताच लेखी पावती देणे घरमालकावर बंधनकारक असून कसूर केल्यास दंड आहे. थकबाकीसाठी घर खाली करून मागावयाचे, तर प्रथम लेखी मागणीची नोटीस व त्यानंतर ९० दिवसांची मुदत अवश्य पाहिजे. परंतु भाडे चुकते झाले हे दाखवावयास पावतीवाचून त्या बिऱ्हाडकरूपाशी काय उरते? फार तर शेजाऱ्याची साक्ष! योग्य कारणावाचून नळ अथवा वीज तोडण्यासही २९ व्या कलमाची मनाई आहे. तसे घडल्यास न्यायालयाकडे अर्ज करता येतो.