देवनागरीचा खिळा



तंत्रज्ञानाचा इतिहास म्हटला की वाफेचे इंजिन, विजेचा दिवा, विमान यांची आठवण होते. मराठी शाळेच्या हीरक महोत्सवात मात्र एका लहानशा वस्तूचे स्मरण अधिक उचित ठरेल. ती वस्तू म्हणजे छापखान्यातील खिळा. शिशाच्या मिश्रधातूत ओतलेला, माथ्यावर उलटे अक्षर धारण करणारा.

पंधराव्या शतकात युरोपात गुटेनबर्गने सुट्या खिळ्यांनी छपाई सुरू केली. रोमन लिपीची अक्षरे थोडी आणि सुटी. तिला ही युक्ती सहज मानवली. देवनागरीचे तसे नाही. मध्ये अक्षर, वर वेलांटी, मात्रा, रफार, खाली उकार. त्यात जोडाक्षरांची भर. तिला शेकडो खिळे लागत. १८०५ साली बंगालमधील श्रीरामपूर येथे विल्यम केरीचे मराठी व्याकरण छापले गेले; पण ही लिपी यंत्रावर शोभिवंत करण्याचे काम पुढे मराठी कारागिरांनी केले.

मुंबईच्या अमेरिकन मिशनच्या छापखान्यात शिकलेल्या गणपत कृष्णाजींनी स्वतःचा छापखाना उभारला आणि १८३१ साली शिळाप्रेसवर पंचांग छापले. त्याच मिशनच्या छापखान्यात जावजी दादाजी लहानपणी खिळे घासण्याचे काम करीत. त्यांनी १८६४ साली खिळे ओतण्याचा कारखाना काढला, १८६९ साली निर्णयसागर छापखाना सुरू केला. राणोजी रावजी आरू यांनी त्यांच्यासाठी अक्षरांचे ठसे कोरले. निर्णयसागरचे सुबक अक्षर देशभर वाखाणले गेले. या माणसांजवळ पदव्या नव्हत्या. होती ती चिकाटी आणि अक्षरावरची निष्ठा.

खिळ्याचा हा प्रवास छत्तीसगडपर्यंतही पोहोचला. जानेवारी १९०० मध्ये पेंड्रा येथून ‘छत्तीसगढ़ मित्र’ हे हिंदी मासिक निघाले. त्याचे आरंभीचे अंक रायपूरच्या कय्यूमी छापखान्यात छापले गेले. माधवराव सप्रे आणि रामराव चिंचोलकर हे संपादक, तर प्रकाशक वामनराव लाखे. तिघेही मराठी भाषक. मासिक तीनच वर्षे चालले. पुढे सप्रे यांनी दासबोध आणि लोकमान्यांचे गीतारहस्य हिंदीत आणले. मराठी घरात जपून त्यांनी आपली विद्या हिंदीच्या अंगणात मुक्तहस्ताने वाटली. दोन्ही भाषांची लिपी एकच, म्हणून तोच खिळा दोघींच्या कामी आला.

आज खिळ्याची जागा संगणकाच्या संकेताने घेतली आहे. १९९१ साली युनिकोडच्या पहिल्याच आवृत्तीत देवनागरीला स्थान मिळाले. पूर्वी ‘क्ष’साठी स्वतंत्र खिळा ओतावा लागे; आता क, हलन्त आणि ष या तीन संकेतांतून तो क्षणात उमटतो. ज्या अडचणीशी पिढ्यान्‌पिढ्या झुंजल्या, ती सुटली आहे. आणि नेमक्या याच काळात आपल्या घराघरांतील मराठी निरोप रोमन अक्षरांत धाडले जात आहेत! यंत्र देवनागरीसाठी सज्ज आहे. हात मात्र आळसावला आहे.

महाराष्ट्राबाहेरच्या मुलाला शाळेत मराठी अक्षर गिरवायला मिळते. ते टिकते घरातल्या वापराने. आजीला पाठवायचा साधा खुशालीचा निरोप नातवाने देवनागरीत लिहावा, आईवडिलांनी त्याला तसेच उत्तर द्यावे. जावजींनी घासलेल्या खिळ्यांचे ऋण फेडण्याचा याहून सोपा मार्ग नाही.