अडखळलात तरी वाचा



आयर्लंडमधल्या सँट्रीच्या या हॉलमध्ये मघाशी एका मुलीने मराठीतून शास्त्रपाठ वाचला. एका जोडाक्षरावर ती अडखळली, मागे कुणीतरी हसलं आणि तिचा आवाज एकदम खाली गेला. शाळेत इंग्रजी उच्चारांना हसतात, इथे मराठीला. मग वाटू लागतं, आपल्यातच काहीतरी कमी आहे. पुढची पायरी त्याहून वाईट: देवालाही आपण नकोसे असणार. इथल्या पहिल्या हिवाळ्यात, रात्रपाळी करून घरी येताना, मीही हे खरं मानलं होतं.

लोक हसतील म्हणून घाबरणारे आपण पहिले नाही. ज्याच्या नावाने या देशात सुट्टी मिळते, तो संत पॅट्रिक सोळाव्या वर्षाच्या सुमाराला गुलाम म्हणून इथे आणला गेला. सहा वर्षं त्याने जनावरं राखली. आपलं लॅटिन कच्चं, लोक हसतील, म्हणून लिहायला तो फार काळ कचरला, हे त्यानेच ‘कन्फेसिओ’ या आत्मनिवेदनात सांगितलंय. आणि ते सांगितलं त्याच कच्च्या लॅटिनमध्ये!

आता देवाला नकोसे असण्याच्या भीतीबद्दल, आपल्या पंडिता रमाबाई. त्यांच्या काळी विधवेला सांगत, तुझ्याच पापामुळे नवरा गेला. देवाचं नाव घेऊन सांगितलेलं खोटं मनात फार खोल रुततं. रमाबाई 1882 मध्ये स्वतः विधवा झाल्या, पदरात तान्ही मनोरमा. 1883 मध्ये इंग्लंडात वाँटेजला त्यांचा बाप्तिस्मा झाला. पण तिथल्या वडीलधाऱ्यांचाही शब्द त्यांनी डोळे मिटून मानला नाही. पत्रांतून वाद घातला. शंका लगेच संपल्या असंही नाही. आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, पण ख्रिस्त मिळाला नव्हता, हे बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी कळल्याचं त्यांनीच लिहून ठेवलंय. मला या कबुलीने फार धीर दिला.

पुढे भारतात परतल्यावर केडगावला, शेकडो निराधार बायकामुलींचा संसार सांभाळत, त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. देव काय म्हणतो ते मुळातून वाचायचं आणि साध्या बाईला कळेल अशा मराठीत सांगायचं, म्हणून. सगळं बायबल त्यांनी मराठीत आणलं आणि 5 एप्रिल 1922 ला त्या गेल्या.

मुलांनो, देवाने तुला टाकलंय असं कुणी म्हणालं, किंवा तुमचंच मन म्हणालं, तर पुस्तक उघडा आणि स्वतः वाचा. शब्द अडला तर मोठ्याने विचारा. मघाच्या त्या मुलीने पुन्हा इथे यावं आणि तो पाठ पहिल्यापासून वाचावा. आम्ही सगळे ऐकतोय.