एलीया झुडपाखाली निजला तेव्हा

(कोपरी येथे रविवारच्या उपासनेनंतर एका मानसोपचार परिचारिकेने केलेले भाषण)



पहिल्या राजे पुस्तकाच्या १९व्या अध्यायात एलीया रानातल्या झुडपाखाली बसून मरण मागतो. देवदूत त्याला उपदेश करत नाही. स्पर्श करून उठवतो, भाकर-पाणी देतो, झोपू देतो आणि दुसऱ्यांदा परत येतो. आम्हा परिचारिकांचं कामही असंच आहे.

मुरबाडकडच्या पाड्यावरचा एक ठाकर मुलगा इथे मजुरीला आला होता. जेवण कमी झालं, झोप उडाली, बोलणं बंद झालं. खोलीतले म्हणत, "आळशी झालाय." मी जवळ बसून सरळ विचारलं, "जीव द्यावा असं मनात येतं का?" तो बराच वेळ रडला, मग "हो" म्हणाला. असं विचारल्याने नसता विचार डोक्यात शिरतो, ही भीती खोटी आहे. उलट मन मोकळं होतं. त्या रात्री त्याला एकटं सोडलं नाही. सकाळी डॉक्टरांकडे नेलं.

औषध सुरू झालं, पण पुढच्या तारखेला तो आलाच नाही. दवाखान्यासाठी खाडा केला की त्या दिवसाची मजुरी बुडते, वर गाडीभाडं. मी फोन केला. मंडळीतला एक भाऊ जाऊन त्याला घेऊन आला. आज तो कामावर आहे आणि तारीख चुकवत नाही.

ठाण्याचं मनोरुग्णालय १९०१ पासून आहे. तरी लोक लाजेने तिथे जात नाहीत, प्रयत्न झालाच तर पोलिसांच्या भीतीने लपवतात. २०१७चा मानसिक आरोग्य कायदा अशा माणसाला तीव्र ताणाखाली असलेला मानतो. त्याला शिक्षा नव्हे, उपचार मिळावेत असं सांगतो.

तेव्हा तुमच्याकडे एवढंच मागणं. घरातल्या गोळ्या आणि शेतातली फवारणीची औषधं कुलपात ठेवा. 'टेली मानस'चा १४४१६ हा क्रमांक मुलांना पाठ करून द्या. तो मोफत आहे, रात्रंदिवस चालतो. वर्गणी देताना पाड्यावरच्या रुग्णाच्या गाडीभाड्याची आठवण ठेवा. आणि खचलेल्या पोराला "तुझा विश्वास कमी पडला" असं कधीही म्हणू नका. एलीया तर संदेष्टा होता.

प्रार्थना जरूर करा. मग त्याच्या दारी जा, आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा जा.