घोड्याचे केंस आणि माणसाच्या रीती

घोडा आणि खरारा या दोन गोष्टी मराठी माणसाच्या मनांत जोडीनेंच येतात. पागा, मोतद्दार, नालबंद, चाबुकस्वार हे शब्द आज घरांतून फारसे ऐकूं येत नसले तरी बखरींच्या वाचकांस ते परिचयाचे आहेत. शिवकालीन पागेची जी व्यवस्था सभासदाच्या बखरींत वर्णिली आहे, तींत पंचवीस घोड्यांमागें एक पखालजी व एक नालबंद अशी योजना दिसते. घोड्याचें पाणी आणि घोड्याचे खूर यांची काळजी हा फौजेच्या बंदोबस्ताचाच एक भाग मानला जात असे.

खराऱ्यानें अंग घांसावें, मळ व गळालेले केंस काढावे, कातड्याखालीं रक्त खेळूं द्यावें, येथपर्यंत सर्व देशांचें एकमत आहे. मतभेद सुरू होतो तो कातर हातीं घेतल्यावर. आयाळ राखावी कीं काढावी, शेपूट कोठें छाटावें, पायांवरचे केंस ठेवावे कीं नाहीं, याविषयीं प्रत्येक मैदानाचा कायदा स्वतंत्र आहे. एका ठिकाणीं जो घोडा नीटनेटका ठरतो तोच दुसऱ्या ठिकाणीं गबाळा ठरतो. हे निरनिराळे कायदे केवळ लहरीनें झाले असें मात्र नाहीं. बहुतेकांच्या मुळाशीं कांहीं काम होतें. काम कोणतें होतें, तें आज उरलें आहे काय, आणि कातर चालते ती घोड्याच्या सोयीसाठीं कीं माणसाच्या, हे प्रश्न एकदां विचारले म्हणजे या रीतींकडे पाहण्याची दृष्टि बदलते.

आरंभ इंग्लंडांतील हिवाळ्यापासून करणें बरें. दिवस लहान होऊं लागले म्हणजे घोड्याच्या अंगावर दाट लव येते. थंडीपेक्षांही उजेडाच्या कमीअधिक काळावर तिचें येणें-जाणें अवलंबून असतें. मोकळ्या कुरणांत राहणाऱ्या घोड्यास ती पांघरुणासारखी उपयोगी पडते. परंतु त्याच घोड्यास दिवसभर शिकारी कुत्र्यांच्या मागें कुंपणें ओलांडीत पळविलें तर तो घामानें निथळतो, लव भिजून चिंब होते आणि तबेल्यांत परतल्यावर ती बराच वेळ वाळत नाहीं. ओल्या अंगानें थंडींत उभा राहिलेला घोडा गारठतो व रोडावतो. म्हणून कोल्ह्याच्या शिकारीवर नेण्याच्या घोड्याचें अंग भादरण्याची चाल पडली. पाय मात्र तसेच सोडीत, कारण कांटे, चिखल व गारठा यांपासून पायांस आडोसा हवा. पाठीवरही खोगिराच्या आकाराचा एक तुकडा राखीत, म्हणजे खोगिराखालीं कातडें सोलवटूं नये. दुरून पाहणारास घोड्यानें लोकरीचे पायमोजे चढविले आहेत असें वाटावें! कुत्र्यांकरवीं कोल्ह्याची शिकार इंग्लंडांत २००५ सालापासून कायद्यानें बंद झाली; पण या भादरणीचें 'हंटर क्लिप' हें नांव अजून चालतें, आणि शिकार कधीं न पाहिलेले घोडेही त्या थाटांत हिंडतात.

गाडीच्या घोड्याची पद्धत याहून निराळी. त्याचें सर्व अंग न भादरतां, गाडी ओढण्याचे पट्टे ज्या रेषेनें जातात तिच्या खालचे, म्हणजे पोटाचे, छातीचे व मानेखालचे केंस काढीत. घाम येथेंच अधिक येतो, आणि पाठीवरची लव राहिल्यानें पाऊसवाऱ्यापासून बचाव होतो. त्या पट्ट्यांवरूनच या तऱ्हेस 'ट्रेस क्लिप' म्हणतात. कोणतीही तऱ्हा घ्या, एक गोष्ट तींत ओघानेंच येते. ज्यानें घोड्याची लव उतरविली त्यानें त्यास झूल घातलीच पाहिजे.

याच्या अगदीं उलट न्याय डोंगराळ तट्टांचा. शेटलंड, हायलंड, एक्समूर या जातींचीं तट्टें प्रदर्शनांत आणतांना त्यांस कातर जवळजवळ लावीतच नाहींत. आयाळ वेणीवांचून मोकळी असते आणि शेपूट जमिनीकडे झुकलेलें असतें. एक्समूरच्या तट्टाच्या शेपटीच्या बुडाशीं राठ व आंखूड केंसांचा एक पंखा असतो. पावसाचें व वितळत्या बर्फाचें पाणी त्यावरून बाजूस ओघळून जातें आणि आंतील नाजूक भाग कोरडा राहतो. असा पंखा शोभेसाठीं छाटणें म्हणजे घराची पागोळी तोडण्यासारखें आहे. बाहेर राहणाऱ्या तट्टास खरारादेखील बेतानेंच करावा लागतो. अंगावरचा चिखल झाडावा, पण कातड्यावरील स्निग्ध थर घांसून काढूं नये, कारण त्यावरून पाणी निसटतें. तबेल्यांतील शर्यतीच्या घोड्याचें मात्र वेगळें. महालक्ष्मीच्या मैदानावर शर्यतीपूर्वीं घोडे फिरवितांना ज्यांनीं पाहिले असतील, त्यांस त्यांच्या अंगावरील आरशासारखी झळाळी आठवेल. ही झळाळी चांगल्या खुराकाची आणि मोतद्दाराच्या दंडांतील बळाची आहे. गवत वळून केलेल्या घट्ट बोळ्यानें स्नायूंवर तालांत थापा मारण्याची जुनी कसरत यासाठींच होती.

आयाळीच्या बाबतींत तर पोलोच्या खेळाचें उदाहरण सर्वांत बोलकें आहे. हा खेळ इंग्रजांनीं हिंदुस्थानांत उचलला. मणिपुरी लोकांचा खेळ पाहून चहाच्या मळेवाल्यांनीं १८५९ सालीं सिल्चर येथें मंडळ काढलें, आणि १८६९ च्या सुमारास इंग्लंडांत तो सुरू झाला. पोलोच्या स्वाराचा उजवा हात काठीनें गुंतलेला, डाव्या हातांत लगामाच्या सर्व वाद्या, आणि घोडा भर वेगांत. अशा वेळीं आयाळीची एखादी बट बोटांत किंवा वाद्यांत अडकली तर अपघात ठेवलेला. म्हणून पोलोच्या घोड्याची आयाळ मुळापासून भादरतात. शेपूटही वेणी घालून, दुमडून, फितीनें घट्ट बांधतात, नाहीं तर काठी फिरवितांना त्यांत गुरफटते. मणिपुरांत याच धोक्याकडे दुसऱ्या बाजूनें पाहिलें गेलें. तेथील तट्टांच्या कपाळावर, डोळ्यांजवळ व बगलांवर गोंडे लोंबत ठेवण्याची परंपरा आहे. ते दिसतात शोभेचे, पण चुकलेल्या फटक्यापासून तट्टाचें रक्षण करणें हें त्यांचें काम आहे. इकडे स्वाराचा हात मोकळा राहावा म्हणून केंस उतरविले, तिकडे तट्टाचें अंग वांचावें म्हणून गोंडे बांधले. खेळ एकच.

शिकारीच्या मैदानावर आयाळ भादरीत नसत, बारीक वेण्या घालून गुंडाळीत. वाद्यांत केंस अडकूं नयेत हाच तेथेंही मूळ हेतु. पुढें त्या वेण्यांची संख्या मानेवर विषम असावी असा संकेत रूढ झाला. त्यास कसलें कारण आहे असें दिसत नाहीं. परंतु प्रदर्शनाच्या पहांटे कंदिलाच्या उजेडांत सुईदोरा घेऊन बसलेल्या मोतद्दारास तो संकेत वेदवाक्य असतो. नॉर्वेच्या फ्योर्ड जातीची कथा यापुढची. या घोड्याच्या आयाळींत मधली पट्टी काळी व दोन्ही बाजूंचे केंस पांढुरके असतात. तेथील लोक आयाळ कमानीसारखी उभी कापतात आणि काळी पट्टी किंचित् उंच ठेवतात, म्हणजे पांढऱ्या कांठांतून ती उठून दिसते. ही निव्वळ हौस आहे, पण घोड्याचें तींत कांहीं बिघडत नाहीं. स्पेनमध्यें नराची आयाळ लांब राखावी व घोडींची आणि शिंगरांची भादरावी अशी जुनी रीत आहे. अमेरिकेंतील गुराख्यांच्या परंपरेंतून आलेल्या प्रदर्शनांत आयाळीचे लहान लहान जुडगे बारीक पट्ट्यांनीं बांधतात. अरबी घोडा मात्र मोकळ्या आयाळीनें व उंच उचललेल्या शेपटीनेंच मिरवावा, त्यास वेणी घालणें हा त्याचा पाणउतारा समजला जातो.

शेपटीकडे वळल्यावर विषय गंभीर होतो. शिस्तबद्ध चालींच्या स्पर्धेंत, ज्यास ड्रेसाज म्हणतात, शेपटीचे केंस खालीं एका सरळ रेषेंत कापतात. घोडा चालूं लागला कीं तो शेपूट थोडें उचलतो. म्हणून कापणारा शेपटीखालीं कोणास तरी हात धरावयास लावून त्या उंचीवर माप घेतो. यांत फक्त केंस जातात आणि ते पुन्हां येतात. परंतु गाडीच्या घोड्यांच्या बाबतींत माणसाची कातर केंसांवर थांबली नाहीं. शेपूट लगामाच्या वादीवर पडलें आणि घोड्यानें तें दाबून धरलें, तर हांकणाराच्या हातची सत्ता जाते व घोडा उधळतो. ही अडचण खरी होती. तिच्यावर उपाय म्हणून शेपटीचें हाडच तोडूं लागले. घोड्याच्या शेपटींत सुमारें अठरा मणके असतात. त्यांतले बहुतेक छाटून वीतभर बुडखा ठेवीत. केंसांची वेणी घालून शेपूट वर बांधल्यानेंही तेंच काम झालें असतें, हें ठाऊक असून तोडणें चाललें, कारण तोडलेलें शेपूट रोज बांधावें लागत नाहीं. पुढें पुढें तर गाडीस न जुंपलेल्या घोड्यांचींही शेपटें तोडूं लागले. आंखूड शेपूट ही ऐटीची खूण झाली.

ज्या घोड्याचें शेपूट गेलें त्यास माशा हांकण्याचें साधन राहिलें नाहीं. उन्हाळ्यांत पोटावर व कुशींवर माशा बसल्या म्हणजे तो पाय आपटतो, अंग थरथरवितो, पण दुसरें कांहीं करूं शकत नाहीं. ॲना स्यूएल या इंग्रज बाईंनीं १८७७ सालीं प्रसिद्ध झालेल्या 'ब्लॅक ब्यूटी' या कादंबरींत सर ऑलिव्हर नांवाच्या म्हाताऱ्या घोड्याच्या तोंडीं हीच तक्रार घातली आहे. बाई स्वतः पायानें अधू होत्या व बाहेर जाण्यास त्यांस घोडागाडीचाच आधार असे. घोड्यांची सेवा घेणारानेंच घोड्यांच्या बाजूनें लिहावें, हें त्या पुस्तकाच्या प्रभावाचें एक कारण असावें. तरी कायदा होण्यास सत्तरांहून अधिक वर्षें लागलीं. १९४९ सालीं ब्रिटनच्या पार्लमेंटनें आजार किंवा दुखापत यांखेरीज घोड्याचें शेपूट तोडण्यास बंदी केली. अमेरिकेंत याविषयीं निरनिराळ्या राज्यांचे निरनिराळे नियम आहेत, आणि अवजड गाड्यांच्या घोड्यांचीं आंखूड शेपटें तेथें अद्याप दृष्टीस पडतात.

शेपटीची हानि कोणासही दिसते. घोड्याच्या ओठांवरच्या व हनुवटीवरच्या लांब, विरळ केंसांची गोष्ट तशी नाहीं. प्रदर्शनाच्या आदल्या दिवशीं वस्तऱ्यानें किंवा यंत्रानें ते साफ करणें ही अनेक मैदानांवर इतकी साधी बाब होती कीं तिच्याविषयीं कोणी विचारही करीत नसे. कां करतां, असें विचारल्यास चेहरा स्वच्छ दिसतो एवढेंच उत्तर मिळे.

हे केंस अंगावरच्या केंसांसारखे नाहींत. त्यांचीं मुळें कातड्यांत खोल असतात, प्रत्येक मुळाभोंवतीं रक्तानें भरलेली पिशवी असते व तेथें ज्ञानतंतूंचें दाट जाळें असतें. टोंकास काडीचा स्पर्श झाला तरी घोड्यास तो कळतो. घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंस असल्यामुळें त्यास आजूबाजूचें फार विस्तृत दिसतें, पण स्वतःच्या नाकासमोरचा व ओठांखालचा थोडा भाग त्यास दिसतच नाहीं. दाण्याच्या टोपलींत तोंड घालतांना, गवतांतून कांटा बाजूस सारतांना, अंधाऱ्या तबेल्यांत भिंतीचें अंतर अजमावतांना डोळ्यांची ही उणीव या केंसांनीं भरून निघते. आंधळ्याची काठी काढून घ्यावी व त्यास म्हणावें कीं आतां तूं अधिक सुटसुटीत दिसतोस, असा हा प्रकार! वेण्यांच्या विषम संख्येस हंसून सोडून देतां येतें. येथें तसें करतां येत नाहीं.

जर्मनी, स्वित्झर्लंड व फ्रान्स या देशांनीं ही चाल आधीं बंद केली. मग आंतरराष्ट्रीय अश्वक्रीडा महासंघानें १ जुलै २०२१ पासून नियम केला कीं ज्या घोड्याचे हे स्पर्शकेंस कापले किंवा भादरले असतील त्यास महासंघाच्या स्पर्धांत भाग घेतां येणार नाहीं. घोड्याचा त्रास टाळण्यासाठीं पशुवैद्यानें एखादा केंस काढला असल्यास तेवढी सूट आहे. नियमानंतर उड्यांच्या व ड्रेसाजच्या मैदानांवर घोडे पूर्वींसारखेच वेण्या घातलेले, सरळ छाटल्या शेपटीचे व चकचकीत अंगाचे दिसतात. फक्त ओठांभोंवतीं कांहीं लांब केंस असतात. पाहणारांस ते प्रथम खुपले, पुढें त्यांची संवय झाली.

शिंगरूं जन्मतें तेव्हां त्याच्या ओठांवर हे केंस आधींच आलेले असतात. जन्मल्यावर थोड्याच वेळांत तें लटपटत उभें राहतें, कास कोठें आहे हें त्यास ठाऊक नसतें, आणि तें आईच्या छातीपासून कुशीपर्यंत, कुशीपासून मांडीपर्यंत आपलें तोंड फिरवीत जातें.