निष्ठावंत समर्थकाला पत्र पाठवावे काय?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषणाचा मजकूर)

कॉम्रेड्स,

निवडणूक जवळ आली की प्रचार समितीच्या बैठकीत एक प्रश्न हटकून निघतो. पैसा मोजका, दिवस मोजके, काम करणारे हातही मोजके. अशा वेळी जो मतदार वर्षानुवर्षे पक्षाच्या पाठीशी उभा आहे, त्याला छापील पत्र पाठवण्यात पैसा का दवडावा? तो मत देणारच आहे. कागद, पाकिटे व टपालहशील दोलायमान मतदारासाठी राखून ठेवावे, हे बरे.

हा युक्तिवाद वरवर पाहता बिनतोड वाटतो. परंतु त्यात तीन गोष्टी न तपासता गृहीत धरलेल्या आहेत. निष्ठावंत मतदार मतदान केंद्रापर्यंत हमखास पोचतो, ही पहिली. दोलायमान मतदाराचे मत पत्राने वळते, ही दुसरी. आणि समर्थकाकडून एका मतापलीकडे काही अपेक्षित नाही, ही तिसरी. या तिन्हींची छाननी केल्याशिवाय निर्णय घेणे योग्य होणार नाही.

पहिल्या दोन गोष्टींविषयी अमेरिकेत बराच पद्धतशीर अभ्यास झालेला आहे. १९९८ साली न्यू हेवन शहरात ॲलन गर्बर व डोनाल्ड ग्रीन या प्राध्यापकांनी सुमारे ३० हजार नोंदलेल्या मतदारांवर एक प्रयोग केला. काहींच्या घरी प्रत्यक्ष माणसे पाठवली, काहींना पत्रे पाठवली, काहींना दूरध्वनी केले आणि काहींना मुद्दाम वगळले. संदेश कोणत्याही पक्षाचा नव्हता. मतदान करा, एवढाच होता. निवडणुकीनंतर मतदानाच्या अधिकृत नोंदी तपासल्या, तेव्हा घरोघर भेटींमुळे मतदान लक्षणीय वाढल्याचे आढळले. पत्राचा परिणाम दर पत्रामागे अर्ध्या टक्क्याच्या आसपास होता. भाडोत्री दूरध्वनीचा परिणाम जवळपास शून्य होता.

याच अभ्यासकांनी क्रिस्टोफर लॅरिमर यांच्यासह २००६ साली मिशिगन राज्यात पक्षांतर्गत प्राथमिक निवडणुकीच्या वेळी दुसरा प्रयोग केला. त्यात सुमारे एक लाख ऐंशी हजार कुटुंबे होती. ज्यांना काहीच पाठवले नव्हते, त्यांच्यात २९.७ टक्के मतदान झाले. ज्यांना केवळ नागरिकाच्या कर्तव्याची आठवण देणारे पत्र गेले, त्यांच्यात ३१.५ टक्के झाले. परंतु ज्या पत्रात त्या घराची व शेजाऱ्यांची मागील मतदानाची नोंद छापलेली होती, आणि निवडणुकीनंतर ती पुन्हा सर्वांना कळवली जाईल असा इशारा होता, ते मिळालेल्यांच्यात ३७.८ टक्के मतदान झाले. कागदाचा तुकडा परिणाम करू शकतो, हे येथे दिसले. मात्र तो परिणाम शेजाऱ्यापुढे मान खाली जाईल या भीतीचा होता. जो माणूस पक्षासाठी स्वखुशीने उभा राहतो, त्याला असले धमकीवजा पत्र पाठवणे म्हणजे वर्षांच्या संबंधांवर एका दिवसात पाणी सोडणे होय.

तरीही या प्रयोगांतून एक गोष्ट स्पष्ट होते. मताने निष्ठावंत असणे आणि सवयीने मतदान करणे, या दोन भिन्न गोष्टी आहेत. जो प्रत्येक वेळी सकाळी सातलाच रांगेत उभा असतो, त्याला मतदानाची आठवण देणारे पत्र निरर्थक आहे. परंतु जो मनाने पक्षाचा असून ऊसतोडीला, बांधकामावर किंवा दूरच्या गिरणीत गेलेला असतो, ज्याचे नाव घर बदलल्यामुळे यादीतून गळालेले असते, तो निष्ठावंत असूनही मतपेटीत मोजला जात नाही. पहिले गृहीत येथे कोसळते.

दुसऱ्या गृहीताची स्थिती याहून बिकट आहे. जोशुआ कला व डेव्हिड ब्रूकमन यांनी २०१८ साली ४९ प्रत्यक्ष प्रयोगांचा एकत्रित हिशेब मांडला. सार्वत्रिक निवडणुकीत पत्रे, जाहिराती, दूरध्वनी इत्यादी साधनांनी उमेदवाराविषयीचे मत वळवण्याचा सरासरी परिणाम शून्याच्या जवळ असल्याचे त्यांना आढळले. हे निष्कर्ष अमेरिकेतील आहेत, आणि तेथील द्विपक्षीय चौकटीतले आहेत. ते जसेच्या तसे येथे लावता येणार नाहीत. परंतु समर्थकाच्या वाट्याचे तिकीट वाचवून ते दोलायमान मतदाराच्या पाकिटावर लावले की मत पदरात पडते, या समजुतीला त्यांतून कोणताही आधार मिळत नाही.

आता तिसरे गृहीत. १९६४ च्या अध्यक्षीय निवडणुकीत उजव्या विचारांचे बॅरी गोल्डवॉटर यांचा दारुण पराभव झाला. पन्नासपैकी फक्त सहा राज्ये त्यांना मिळाली. पन्नास डॉलर वा अधिक देणगी देणाऱ्यांची नावे कायद्यानुसार वॉशिंग्टनमध्ये प्रतिनिधिगृहाच्या दप्तरी जमा झालेली होती. रिचर्ड व्हिगरी या तरुणाने ती हाताने उतरवून घेतली. सुमारे साडेबारा हजार नावे झाली. ही सगळी माणसे आधीच पटलेली होती, आणि तरीही त्यांनाच पुन्हा पुन्हा पत्रे पाठवून पुढील दीड दशकात अमेरिकेतील उजव्यांनी आपली आर्थिक व संघटनात्मक बांधणी केली. १९७२ साली डेमोक्रॅटिक पक्षाच्या जॉर्ज मॅकगव्हर्न यांच्या प्रचारानेही लहान देणगीदारांसाठी हाच मार्ग वापरला. १९७४ च्या कायद्याने एका व्यक्तीच्या देणगीवर एक हजार डॉलरची मर्यादा आल्यावर अशा याद्यांचे मोल आणखी वाढले.

परंतु या यशाची दुसरी बाजूही ध्यानात घेतली पाहिजे. गोळा झालेल्या रकमेचा मोठा वाटा नवी पत्रे छापण्यात व पाठवण्यातच खर्ची पडत असे. पत्र जितके भडक, तितकी देणगी अधिक, म्हणून भीती व चीड यांचा मारा वाढत गेला. पत्र घेणाऱ्याला देणगीचे पाकीट परत पाठवण्यापलीकडे काही काम उरले नाही. समर्थकाची यादी हा विक्रीचा माल झाला.

याच्या उलट उदाहरण फार जुने आहे. जानेवारी १७९२ मध्ये थॉमस हार्डी या चांभारकाम करणाऱ्या कारागिराने मोजक्या सोबत्यांसह 'लंडन करस्पाँडिंग सोसायटी' स्थापन केली. आठवड्याची वर्गणी एक पेनी. तिच्या नावातच पत्रव्यवहार होता. शेफील्ड, नॉर्विच, मँचेस्टर येथील समविचारी मंडळांशी तिची पत्रे जात व येत. ज्यांना मताधिकारच नव्हता, अशा कारागिरांचा हा पत्रव्यवहार सरकारला इतका धोक्याचा वाटला की १७९४ साली हार्डीला अटक झाली, कागदपत्रे जप्त झाली आणि राजद्रोहाचा खटला भरला गेला. ज्यूरीने त्याला निर्दोष सोडले. पुढे १९०० साली 'इस्क्रा' सुरू झाल्यावर विखुरलेल्या वाचक-कार्यकर्त्यांशी पत्रव्यवहार सांभाळण्याचे काम क्रुप्स्काया यांच्याकडे होते. दोन्ही ठिकाणी पत्र आधीच पटलेल्या माणसाला जात होते. पण त्याचे उत्तर येत होते, आणि त्या उत्तरावर पुढचे काम ठरत होते. पाठवावे की नाही, या प्रश्नापेक्षा पत्रातून काय मागितले जाते हा प्रश्न म्हणूनच अधिक मूलभूत ठरतो.

भारतातील परिस्थितीचा विचार करू गेल्यास काही भेद ठळक दिसतात. ब्रिटनमध्ये संसदेच्या निवडणुकीत प्रत्येक उमेदवाराला मतदारांना एक पत्र विनाहशील पाठवण्याचा कायदेशीर हक्क आहे. भारतात उमेदवाराच्या प्रचाराचे टपालहशील त्याच्या खर्चात धरले जाते, आणि २०२२ पासून ही मर्यादा मोठ्या राज्यांत विधानसभेसाठी ४० लाख व लोकसभेसाठी ९५ लाख रुपये आहे. श्रीमंत पक्षांना ती अडचण वाटत नाही. कामगारांच्या वर्गणीवर लढणाऱ्या उमेदवाराला ती मर्यादा गाठण्याइतका पैसाच मिळत नाही. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२७-अ नुसार निवडणूक पत्रकावर मुद्रक व प्रकाशक यांचे नाव-पत्ता असणे बंधनकारक आहे. मात्र कार्यकर्त्यांना दिलेल्या नेहमीच्या सूचना या व्याख्येत येत नाहीत, आणि हाताने केलेली नक्कल ही छपाई समजली जात नाही.

यावरून काही व्यावहारिक निष्कर्ष निघतात.

एक, जेथे कार्यकर्ता दोन गल्ल्या चालून जाऊ शकतो, तेथे पत्र पाठवणे हा आळस आहे. पत्र प्रत्यक्ष भेटीची जागा घेऊ शकत नाही.

दोन, जेथे चालून जाता येत नाही, तेथे पत्राला पर्याय थोडे आहेत. सुरत, इंदूर, बेळगाव वा हैदराबाद येथे विखुरलेल्या मराठी भाषक सभासदाशी, खेड्यातल्या वृद्ध शेतमजुराशी संबंध राखणारा छापील कागद घरात राहतो, शेजारी वाचतो, भिंतीला टांगला जातो.

तीन, पत्रात त्याला आधीच पटलेले मुद्दे पुन्हा पटवू नयेत. त्याला उपयोगी माहिती द्यावी: यादीतील भाग व अनुक्रमांक, मतदान केंद्र, तारीख. ८५ वर्षांवरील आणि चाळीस टक्के वा अधिक अपंगत्व असलेल्या मतदारांना घरून टपाली मतदानासाठी नमुना १२-ड भरता येतो, हे अनेकांना कोणी सांगितलेलेच नसते. २०२५ साली बिहारमध्ये मतदार यादीच्या फेरतपासणीत प्रारूप यादीतून सुमारे ६५ लाख नावे वगळली गेली. ज्याचे नाव वगळले गेले, त्याच्या निष्ठेचा त्या दिवशी काय उपयोग? त्याला नाव तपासण्याची सूचना मुदतीपूर्वी मिळाली असेल, तरच दावा दाखल करता येतो.

चार, जमलेल्या वर्गणीचा हिशेब द्यावा व उत्तर मागावे. त्याच्या वस्तीत काय चालले आहे, तो किती तास देऊ शकेल, कोणाकडे जाऊ शकेल, हे विचारावे. उत्तर आल्यावर ते वाचून त्यावर कृती करणारा माणूस समितीत नेमलेला नसेल, तर पत्र न पाठवलेलेच बरे.

पाच, आणि ही बाब अनेकदा विसरली जाते. कंत्राटदाराच्या चाळीत राहणाऱ्या मजुराच्या नावाने पक्षाचा ठसा असलेले पाकीट आले, तर त्याची रोजी जाऊ शकते. गावातल्या जमीनमालकाच्या ओसरीवर टपाल वाटले जात असेल, तर उघडे कार्ड म्हणजे जाहीर फलकच. पत्र कोणत्या पत्त्यावर, बंद की उघडे, पक्षाच्या नावाने की व्यक्तीच्या नावाने, हे ज्याला पाठवायचे त्यालाच आधी विचारले पाहिजे. समर्थकांची यादी दुसऱ्याच्या हाती पडू न देणे ही हिशेबाच्या वहीइतकीच गंभीर जबाबदारी आहे. १७९४ साली लंडनमध्ये सरकारने सर्वप्रथम कागदपत्रेच उचलली होती.

कॉम्रेड्स, निष्ठावंताला पत्र पाठवणे हा पैशाचा अपव्यय आहे की नाही, हे पाकिटे मोजून ठरणार नाही. प्रत्येक शाखेने आपल्या समर्थकांची यादी समोर घेऊन बसावे. मागील निवडणुकीत कोण मतदानाला आले नाही, का आले नाही, कोणाकडे वर्षभरात कोणी गेले नाही, हे एकेका नावापुढे लिहावे. ज्यांच्या नावापुढे भेट शक्य नाही असे लिहावे लागेल, त्यांना पत्र गेले पाहिजे. आणि ज्यांच्या नावापुढे केवळ कोणी गेले नाही एवढेच लिहिता येईल, त्यांच्याकडे येत्या रविवारी माणूस गेला पाहिजे.