आठवड्याची एक पेनी



ज्या गुरुवर्यांच्या स्मृतिप्रीत्यर्थ आपण येथे जमलो आहोत, त्यांना अभिवादन करून मी विषयाला आरंभ करतो. माणसाला माणसांची ओढ असते, हे सांगण्यासाठी व्याख्यानाची आवश्यकता नाही. वारीतील दिंडी, गावातील भजनी मंडळ ही त्या ओढीचीच रूपे होत. मात्र ही ओढ नुसत्या गर्दीने शमत नाही. लहानशा समूहाला माणूस धरून ठेवण्याचे बळ कोठून येते, याचा विचार मी ख्रिस्ती परंपरेतील दोन प्रयोगांच्या आधारे करणार आहे.

पहिला प्रयोग इंग्लंडमधील ब्रिस्टल या बंदराच्या शहरातील. जॉन वेस्ली यांनी १७३९ मध्ये तेथे उघड्या मैदानावर प्रवचने सुरू केली. जवळच्या किंग्जवुडचे खाणकामगार हजारोंच्या संख्येने जमू लागले. अनुयायांसाठी सभागृह उभे राहिले आणि त्यापायी कर्जही झाले. ते फेडण्याचा विचार करण्यासाठी १७४२ च्या फेब्रुवारीत बैठक भरली. प्रत्येकाने आठवड्याला एक पेनी द्यावी, अशी सूचना फॉय नावाच्या कप्तानाने केली. पुष्कळांना तेवढेही परवडणार नाही, असा आक्षेप निघाला. तेव्हा तो म्हणाला की, सर्वांत गरीब अकरा जण माझ्याकडे सोपवा. मी दर आठवड्याला त्यांच्याकडे जाईन, आणि ज्याला देणे जमणार नाही त्याची पेनी मी भरीन.

वसुलीसाठी घरोघर जाणाऱ्यांना सभागृहात न दिसलेले जीवन दिसू लागले. कोणाचे पाऊल कोठे घसरले आहे, हे कळू लागले. वेस्लींनी या व्यवस्थेचे मोल तत्काळ ओळखले. पुढे सुमारे बारा जणांचा एकेक ‘वर्ग’ दर आठवड्याला एकत्र बसू लागला. प्रमुखपदी साधे कष्टकरी असत, स्त्रियाही असत. प्रवेशासाठी एकच अट होती : उद्धाराची तळमळ.

आधी आपुलकी निर्माण होते आणि मग कर्तव्य येते, असा आपला सर्वसाधारण समज आहे. ब्रिस्टलमध्ये क्रम उलटा होता. आरंभी होते केवळ कर्ज आणि दुसऱ्याची पेनी भरण्याची तयारी. जिव्हाळा त्यातून उपजला. जो समूह आपल्याकडून काहीच मागत नाही, तो आपल्याला फार काळ धरूनही ठेवू शकत नाही.

या व्यवस्थेला दुसरी बाजूही होती. सभासदाला दर तीन महिन्यांनी नवी चिठ्ठी मिळे. वर्तन न सुधारणाऱ्याला ती नाकारली जाई. विचारपूस आणि पाळत यांतील अंतर फार थोडे असते. जवळीक वाढली की कुंपणही उंच होऊ लागते.

त्या कुंपणाचा विचार आपल्या भाषेतील एका कवीने केला. रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला. त्यापायी कुटुंबाची किती ताटातूट झाली, हे लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रां’च्या वाचकांना ठाऊक आहे. घर तुटण्याचे दुःख भोगलेल्या या माणसाने १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त त्यात बंधुभावाने यावेत, ही त्यांची आकांक्षा होती. १९१९ मध्ये त्यांचे निधन झाले; प्रयोगाला जेमतेम दोन वर्षे लाभली. तथापि दार उघडे ठेवूनही घर घरच राहू शकते का, हा त्यांचा प्रश्न अद्याप जिवंत आहे.

मित्रहो, या शाळेतून बाहेर पडलेले आपण दूरदूर विखुरलो आहोत. वार्षिक स्नेहसंमेलनात भेटतो, छायाचित्र काढतो आणि पांगतो. माझी सूचना लहान आहे. ज्या शहरात दहाबारा माजी विद्यार्थी असतील, तेथे त्यांनी महिन्यातून एकदा एकत्र बसावे. जात, धर्म, हुद्दा विचारू नये. जो आला नाही, त्याच्या घरी त्याच आठवड्यात कोणीतरी जावे. कोणी जायचे, हे मात्र उठण्यापूर्वी ठरवावे.